पेरणीनंतर हटवलेलं आयात शुल्क : हिंगणघाट तालुक्यातल्या एका घराचा 2025-26 चा कापूस हंगाम

18 ऑगस्ट 2025 ला केंद्र सरकारची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क शून्य झालं. आधी मुदत 30 सप्टेंबरपर्यंतची होती. 28 ऑगस्टला ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. हिंगणघाट तालुक्यात त्या वेळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, कमरेला लागली होती, पात्या-फुलं धरली होती, खताचे दोन डोस पडून गेले होते, डवरणीही उरकली होती. कापूस लावायचा की नाही हे ठरवायची वेळ दोन महिन्यांमागेच निघून गेली होती.

आयात शुल्क देशाच्या भल्याचं की तोट्याचं, हा वाद अर्थशास्त्राच्या पुस्तकात फार जुना आहे. इथे तो एका घरातून पाहू. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, गरजही नाही. वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात असं घर दर गल्लीत सापडेल.

घर आणि वावर

कास्तकार पन्नाशीच्या आतबाहेर. सात एकर काळी भारी जमीन, ओलित नाही. पाच एकरांत कापूस आणि त्यात तुरीचं आंतरपीक, दोन एकरांत सोयाबीन. घरात बायको, म्हातारी आई. धाकटा भाऊ वारला तेव्हा त्याचा मुलगा शाळेत होता, तो याच घरात वाढला. आता तो पुतण्या अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये एका कपडे शिवणाऱ्या कारखान्यात आहे. महिन्याला बारा-तेरा हजार मिळतात, त्यातले चार घरी येतात. या प्रकरणात तो पगार कापसाइतकाच महत्त्वाचा आहे.

मे 2025 च्या शेवटी केंद्रानं खरिपाचे हमीभाव जाहीर केले. लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये क्विंटल, मध्यम धाग्याला 7,710. आदल्या वर्षीपेक्षा 589 रुपयांनी जास्त. सोयाबीनचा आदल्या हंगामाचा अनुभव कडू होता : हमीभाव 4,892 आणि बाजारात बेचाळीसशेलाही गिऱ्हाईक नाही. त्यामुळे एक एकर सोयाबीन कमी करून कापूस वाढवायचा, असं घरात ठरलं. 901 रुपयांची थैली, एकरी दोन, अशा दहा थैल्या बियाणं आलं. वेचाईसकट एकरी खर्च अठ्ठावीस हजारांच्या घरात जातो, घरच्या माणसांची मेहनत सोडून. म्हणजे पाच एकरांत एक लाख चाळीस हजार रुपये जमिनीत गेले. ते टाकताना दोन गोष्टी गृहीत होत्या, हमीभाव 8,110 आणि बाहेरून येणाऱ्या कापसावर 11 टक्के. दुसरी गोष्ट त्याला टक्केवारीत ठाऊक नव्हती. "बाहेरच्या मालावर सरकारचा टॅक्स हाय, म्हणून भाव लय पडत नाई," एवढं मात्र तो नेमकं सांगत होता.

11 टक्के म्हणजे क्विंटलमागे किती

हे शुल्क फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात आलं. 5 टक्के मूळ सीमा शुल्क, 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, आणि या दोन्हींच्या बेरजेवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी 1 टक्का. त्याआधी बरीच वर्षं कापसाची आयात शुल्कमुक्तच होती.

आता ऑगस्ट 2025 चा ढोबळ हिशोब. जागतिक बाजारात रुईचा, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाचा, भाव पौंडाला 78 सेंटच्या आसपास होता, डॉलर साडेसत्याऐंशी रुपयांच्या आसपास. आपल्याकडे रुईचा व्यवहार खंडीत होतो आणि खंडी म्हणजे 356 किलो, साधारण 785 पौंड. गुणाकार केला की परदेशी रुईची खंडी सुमारे 53,500 रुपयांना पडते. त्यावर 11 टक्के चढवले की 59,400. फरक सुमारे 5,900 रुपये खंडीमागे.

कास्तकार रुई विकत नाही, सरकीसकट कापूस विकतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की चौतीस किलोच्या आसपास रुई निघते, पासष्ट किलो सरकी, उरलेली घट. सरकीचा भाव क्विंटलला 3,400 धरला आणि जिनिंग-प्रेसिंगचा खर्च व जिनवाल्याची बाजू मिळून तीनशे धरले, तर शुल्क नसताना जिनवाल्याला कापसाला सात हजारांच्या वर भाव देणं परवडत नाही. शुल्क असताना 7,590 पर्यंत परवडतं. क्विंटलमागे साडेपाचशे-पावणेसहाशेचा फरक. नोव्हेंबरमध्ये आमच्या भागातल्या जिनिंगच्या काट्यावर भाव सात हजारांच्या मागंपुढंच फिरत होता, तो उगाच नव्हे.

या हिशोबातली आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. शुल्क जागेवर असतं तरी बाजारभाव 8,110 ला पोचत नव्हता. हमीभाव आणि जागतिक भाव यांच्यातली दरी 11 टक्क्यांपेक्षा रुंद होती. 'शुल्क हटवलं म्हणून कापूस बुडाला' हे त्यामुळे अर्धंच खरं आहे. कापूस आधीच दबलेला होता. शुल्कानं त्याला जो टेकू दिला होता तो काढून घेतला गेला. दोनच दिवसांत भारतीय कापूस महामंडळानं, म्हणजे सीसीआयनं, आपल्या रुईचे विक्रीदर खंडीमागे अकराशे रुपयांनी उतरवले आणि खासगी बाजारानं तेवढ्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं.

सरकीकडे कोणी पाहत नाही

कापसाच्या आयातीवर चर्चा होते तेव्हा सगळे रुईवर बोलतात. पण वजनात दोन तृतीयांश सरकी असते आणि किमतीत जवळपास तीस टक्के. सरकीचं तेल निघतं, पेंड निघते. तेलाची स्पर्धा आयात केलेल्या पामतेलाशी आणि सोयातेलाशी. म्हणजे खाद्यतेलावरचं आयात शुल्क बदललं की त्याचा धक्का सरकीमार्गे कापसाला बसतो. सरकी क्विंटलला शंभर रुपयांनी हलली की कापूस पासष्ट रुपयांनी हलतो.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेलं. मे 2025 च्या अखेरीस ते 16.5 वर आणलं. शुल्क वाढवताना सांगितलेला हेतू सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा असा होता. झालं काय? किराणा दुकानात तेलाचं पाकीट महागलं, ते या घरानंही जास्त पैसे देऊन घेतलं. सोयाबीन मात्र हमीभावाखालीच राहिलं. कारण सोयाबीनच्या क्विंटलमध्ये तेल जेमतेम अठरा किलो; बाकी बहुतेक पेंड. पेंडीचे भाव जगभर पडलेले होते, शिवाय इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्या-तांदळाचा स्वस्त चोथा पशुखाद्यात आला होता. शुल्क लागलं तेलावर, पीक अडलं पेंडीवर. आयात शुल्काचा मोठा दोष कुठला असं मला कोणी विचारलं तर मी हे उदाहरण देईन : बोजा गिऱ्हाइकावर नक्की पडतो, फायदा कास्तकारापर्यंत पोचेलच याची खात्री नसते. तो पोचण्याचा रस्ता प्रत्येक पिकात वेगळा आहे आणि तो तपासल्याशिवाय शुल्क वाढवणं म्हणजे घरोघरच्या फोडणीवर कर लावणं.

कापसात हा रस्ता सोयाबीनपेक्षा सरळ आहे. रुईची किंमतच कापसाच्या किमतीचा मोठा हिस्सा असल्यामुळे शुल्क थेट लागतं आणि हटवलं तर थेट जाणवतं.

पुतण्याचा पगार

7 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेनं भारतीय मालावर 25 टक्के जादा शुल्क लावलं आणि 27 ऑगस्टपासून ते 50 टक्के केलं. बांगलादेश आणि व्हिएतनामच्या मालावर तेव्हा 20 टक्क्यांच्या आसपास होतं. भारताच्या कापड-कपड्यांच्या निर्यातीतला चौथाईहून मोठा हिस्सा एकट्या अमेरिकेत जातो. सप्टेंबरमध्ये पुतण्याच्या कारखान्यातला ओव्हरटाईम बंद झाला, दसऱ्यानंतर एक पाळी कमी झाली. घरी येणारे चार हजार अडीचवर आले.

दिवाळीला तो गावी आला तेव्हा ओसरीवर हेच बोलणं निघालं.

"मोठेबाबा, बाहेरचा कापूस स्वस्त आला नाई तं आमच्या मालकाले ऑर्डर परवडत नाई. तिकडं बांगलादेशवाल्याईले कापसावर टॅक्सच नाई."

"अन् आमचा कापूस काहून परवडत नाई तुह्या मालकाले? इथून अमरावती किती दूर हाय?"

"तुमचा कापूस कुठं तिथं येते जी? आमच्याकडं कपडा येते. सूत तमिळनाडूत बनते, तिथून फिरून येते."

या तीन वाक्यांत विदर्भाच्या कापसाचं दुखणं आहे. रुईच्या गाठी इथून कोइम्बतूर-तिरुप्पूरकडे जातात, सूत नि कापड होऊन परततात आणि मग नांदगाव पेठला शिलाई होते. अमरावतीच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली, ती साखळी एका जागी आणण्यासाठी. ती झाली तर कास्तकार आणि शिलाई कामगार यांचं हित आजच्याइतकं एकमेकांविरुद्ध उभं राहणार नाही. आज मात्र ते एकाच ओसरीवर समोरासमोर बसलेलं आहे.

पुतण्याचं म्हणणं खोटं नाही. सूतगिरणीच्या खर्चात कापूस हाच सगळ्यात मोठा खर्च. प्रतिस्पर्धी देशाची गिरणी जागतिक भावानं कापूस घेते आणि आपली गिरणी त्याहून महाग घेते, तर सूत महाग पडणार, कपडा महाग पडणार. शुल्काचा हा तोटा नाकारता येत नाही : ते एका माणसाचं उत्पन्न वाचवताना दुसऱ्याचा कच्चा माल महाग करतं. आणि कपड्याच्या कारखान्यात जेवढ्या बाया-पोरांना रोजगार मिळतो तेवढा त्याच भांडवलात दुसरीकडे क्वचितच मिळतो.

पण आकडे पाहू. एका टी-शर्टला नासधूस धरून पाव किलो रुई लागते असं माना. शुल्कामुळे रुई किलोमागे साडेसोळा रुपयांनी महाग होती. म्हणजे एका टी-शर्टमागे चार रुपये. तोच टी-शर्ट तीन डॉलरला, म्हणजे सुमारे 260 रुपयांना निर्यात होतो असं धरलं, तर अमेरिकेच्या 50 आणि 20 टक्क्यांमधला फरक होतो जवळपास 80 रुपयांचा. ऐंशी रुपयांच्या अडचणीवर चार रुपयांचा उतारा. तेवढ्यानं पुतण्याची पाळी परत आली नाही, येणारही नव्हती. मात्र त्या चार रुपयांसाठी कास्तकाराच्या क्विंटलमागचे साडेपाचशे रुपये गेले.

शिवाय निर्यात करणाऱ्याला शुल्क न भरता कच्चा माल आणण्याची सोय आधीपासून आहे. ॲडव्हान्स ऑथरायझेशन, म्हणजे आगाऊ परवानगी, म्हणतात तिला : परदेशी कापूस शुल्कमुक्त आणा, ठरलेल्या मुदतीत त्याचा माल बनवून निर्यात करा. मोठ्या गिरण्या ती वापरतात. लहानांना तिची कागदपत्रं झेपत नाहीत, आणि सूत एकानं कातायचं, कपडा दुसऱ्यानं विणायचा, शिवायचं तिसऱ्यानं, अशा आपल्या विखुरलेल्या धंद्यात ती बसवणं अवघड जातं. म्हणजे दुरुस्तीची जागा तिथे होती. ती सोय सोपी केली असती तर निर्यातदाराला जागतिक भावात कापूस मिळाला असता आणि देशातल्या बाजारासाठी कातणाऱ्या गिरण्यांना इथल्याच कापसाकडे यावं लागलं असतं. शुल्क सरसकट हटवल्यानं दोघांनाही एकाच मापानं दिलं गेलं. माझ्या मते 2025 च्या निर्णयातली मुख्य चूक हीच.

विक्री

सप्टेंबरमधल्या पावसानं खालची बोंडं सडली. दसऱ्यानंतर सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झालं आणि वेचा सुरू झाला. पहिल्या वेच्याचा कापूस ओला. सीसीआय 8 टक्के ओलावा प्रमाण मानते, त्यावरच्या प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापते आणि 12 टक्क्यांच्या वर घेतच नाही. पहिला वेचा त्या मापात बसण्यासारखा नव्हता आणि दिवाळी तोंडावर होती. मजुराचे पैसे, दुकानदाराची उधारी, हरभऱ्याचं बियाणं. घरापुढे गाडी घेऊन आलेल्या खेडा खरेदीवाल्याला आठ क्विंटल 6,500 नं दिला.

बाकीचा कापूस त्यानं राखला. यंदा सीसीआयला द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद, मग तारीख. हे सगळं पुतण्यानं दिवाळीच्या सुट्टीत मोबाईलवर करून दिलं. डिसेंबरमध्ये पंधरा क्विंटल गेला. ग्रेडरनं यंत्र खुपसलं, ओलावा 10 टक्के निघाला. दोन टक्के कापून 7,948 चा भाव पडला. चुकारा खात्यात आला.

एकूण तेवीस क्विंटलचे 1,71,000 रुपये. एक लाख चाळीस हजार वजा केले तर एकतीस हजार उरतात आणि वरून तूर. पाच एकर, सात महिने, तीन माणसं.

शुल्क हटवल्यानं या घराचं थेट किती गेलं? खासगीत दिलेल्या आठ क्विंटलवर साडेपाचशेप्रमाणे साडेचार हजार. पंधरा क्विंटलला हमीभावाचं छत्र होतं, तिथला तोटा सरकारी तिजोरीनं सोसला. ज्यांनी 'शुल्क गेल्यानं कास्तकाराचं काही बिघडत नाही, हमीभाव आहेच' असं म्हटलं, त्यांच्या बाजूनं हा आकडा बोलतो.

आता शेजारचं घर. नवरा गेलेली बाई, चार एकर वावर मक्त्यानं, म्हणजे पैसे देऊन भाड्यानं, करते. सातबारा मालकाच्या नावावर, मालक नागपूरला. मक्त्याचा कागद नाही, मालक देत नाही. कूळ लागेल ही भीती त्याला अजून वाटते. नोंदणी सातबाऱ्यावर होते. त्यामुळे तिचा अठरा क्विंटल कापूस सगळाच्या सगळा खासगीत गेला, 6,700 ते 7,000 च्या दरम्यान. तिच्यासाठी हमीभाव छापील आकड्यापलीकडे काही नाही. तिला कोणाचं संरक्षण होतं तर त्या 11 टक्क्यांचं. शुल्क सातबारा विचारत नाही. ते बाजारभावातच मिसळलेलं असतं, जो कापूस विकेल त्याला आपोआप मिळतं. ते गेल्यानं तिचे दहा हजार रुपये गेले. मक्ता चार एकरांचा होता, तो आधीच देऊन झालेला.

आयात शुल्काच्या बाजूनं मी जे काही ऐकलं-वाचलं त्यात ही बाजू सहसा येत नाही. योजना, नोंदणी, तारीख, मर्यादा यांतून जो सुटतो, त्याच्यापर्यंत पोचणारी ही एकच मदत आहे. विदर्भात बटई-मक्त्यानं कसणारे थोडेथोडके नाहीत.

तिजोरीचा हिशोब

सीसीआय 8,110 नं कापूस घेते तेव्हा वरच्याच पद्धतीनं उलटा हिशोब केला तर तिला रुईची खंडी 65 हजारांच्या घरात पडते. गिरणीला परदेशी खंडी 53-54 हजारांत मिळत असताना ती 65 ला कोण घेणार? म्हणजे तोट्यात विकायची किंवा गोदामात ठेवायची. 2024-25 च्या हंगामात सीसीआयनं सुमारे 100 लाख गाठींचा कापूस घेतला होता. त्याच हंगामात देशात सुमारे 41 लाख गाठी आयात झाल्या. एका गाठीत 170 किलो. एका बाजूनं सरकार इथला कापूस विकत घेतंय, दुसऱ्या बाजूनं त्याच कापसाचं गिऱ्हाईक बंदराकडे वळतंय.

शुल्क असलं की सरकारला दोन फायदे होतात : शुल्काची रक्कम मिळते आणि बाजारभाव वर राहिल्यानं हमीभावानं कमी कापूस घ्यावा लागतो. शुल्क हटवलं की दोन्ही जातात. कास्तकाराला सांभाळण्याचा खर्च कुठेही नाहीसा होत नाही, तो गिरणी आणि गिऱ्हाइकाकडून निघून करदात्याकडे जातो. यातलं काय बरं हा राजकीय प्रश्न आहे. पण 'आयात खुली केली म्हणजे देशाचे पैसे वाचले' असं म्हणताना सीसीआयचा तोटाही त्याच कागदावर मांडायला हवा.

शुल्क कोण ठरवतं याला इतिहास आहे

हिंगणघाटला कापसाची पेठ इंग्रजांच्या आधीपासूनची. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी चालली, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा तो भावही गेला. 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, कापसाच्या दारात. त्यानंतर पाचच वर्षांत, 1882 मध्ये, हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरचं शुल्क काढलं गेलं. 1896 मध्ये तर विलायती कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांची बरोबरी राहावी म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. तो 1926 पर्यंत पुरता गेला नाही. शुल्क हे हत्यार देशी उद्योगाला उभं करू शकतं, आणि ते दुसऱ्याच्या हातात गेलं तर बसवूही शकतं, हे नागपूर-वऱ्हाडानं तेव्हाच पाहिलं. म्हणून ऑगस्ट 2025 मधला निर्णय वॉशिंग्टनला खूश करण्यासाठी झाला अशी शंका इथे पारावर बोलली गेली, तेव्हा ती मला अडाणीपणाची वाटली नाही.

वेळ

शुल्काच्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्हीकडे वजनदार कारणं आहेत. शुल्क कायम ठेवलं की आपण सुस्त होतो हेही खरं. भारतात हेक्टरी रुईचं उत्पादन जागतिक सरासरीच्या बरंच खाली आहे, महाराष्ट्रात त्याहून कमी. बीटी कापूस 2002 मध्ये आला, त्याची दुसरी पिढी 2006 मध्ये, आणि त्यानंतर गुलाबी बोंडअळीनं तिलाही दाद देणं सोडलं तरी नवं काही वावरात आलं नाही. कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांची मोहीम 2025-26 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. एकरी पाच क्विंटलचे आठ झाले तर या घराला 11 टक्क्यांची एवढी वाट पाहावी लागणार नाही. तोवर लागेल.

पण या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान केलं ते निर्णयाच्या वेळेनं. याआधीही शुल्क माफ झालं होतं, 14 एप्रिल 2022 ला. तेव्हा कापूस दहा हजारांच्या वर होता, गिरण्या खरोखर अडचणीत होत्या आणि बहुतेक कास्तकारांचा माल विकून झाला होता. मुदत पुढे ऑक्टोबर 2022 पर्यंत वाढली. त्या वेळी इथे फारशी ओरड झाली नाही. त्या वर्षीचा दहा हजारांचा भाव डोक्यात ठेवून पुढच्या हंगामात लोकांनी घरात, माजघरात, पलंगाखाली कापूस भरून ठेवला, अंगाला खाज सुटेपर्यंत. आणि शेवटी तो सात-आठ हजारांत गेला.

2025 मध्ये उलटं झालं. भाव आधीच पडलेला, पेरणी झालेली, माल दीड-दोन महिन्यांत यायचा होता, तेव्हा दार उघडलं. बंद झालं ते 1 जानेवारी 2026 ला, पुन्हा 11 टक्के. तोवर ज्याला पैशाची निकड होती त्याचा कापूस गेलेला होता. मक्त्यावाल्या बाईच्या घरात तर रिकाम्या बोरीपलीकडे काही नव्हतं. राखून ठेवण्याची ऐपत असलेल्यांना आणि स्वस्तात साठा केलेल्यांना नंतरच्या चढाचा फायदा झाला.

मला यातून एक मागणी पटते. कापूस, तूर, खाद्यतेल यांवरच्या शुल्काचा निर्णय हमीभावासोबत, मे संपायच्या आत जाहीर व्हावा आणि मार्चपर्यंत बदलू नये. बदलावाच लागला तर त्याचं सूत्र आधी सांगितलेलं असावं : देशातला भाव हमीभावाच्या अमुक टक्के वर गेला तर शुल्क इतकं उतरेल, खाली आला तर इतकं चढेल. गिरणीवाल्याला यात तोटा नाही. त्यालाही सहा महिन्यांचे सौदे करताना बंदरावरचा भाव आधी माहीत हवा असतो. एप्रिल 2022 चा निर्णय अशा सूत्रात सहज बसला असता. ऑगस्ट 2025 चा बसला नसता.

येत्या मृगासाठी त्या घरात कापूस पाचवरून साडेतीन एकरांवर आणायचं बोलणं आहे, दीड एकर सलग तुरीला. तुरीची शुल्कमुक्त आयात मे 2021 पासून मुदतवाढीवर मुदतवाढ घेत आली आहे, आणि 2025 मध्ये तूर हमीभावाखाली विकली गेली, हे पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं. कास्तकार म्हणाला, "मंग पेरू काय, ते त्याईनंच सांगावं, पण पेरायच्या अगुदर." बियाण्याच्या थैल्या तो जूनच्या पहिल्या आठवड्यात उचलतो.